५५ मायक्रॉन

खगोलछायाचित्रणातल्या बहुतेक चुका नंतर सावरता येतात. रंग बिघडला तर संगणकावर जुळवून घेता येतो. आकाश जास्त उजळ आलं तर पार्श्वभूमी वजा करता येते. एखादा उपग्रह मध्येच रेघ मारून गेला तर पन्नास फ्रेम एकत्र करताना ती रेघ आपोआप गळून पडते. फोकसचं मात्र तसं नाही. सेन्सरवर तारा पसरट पडला की तो पसरटच. धारदार करून देणारी सॉफ्टवेअरं हल्ली बरीच हुशार झालीत, पण ती अंदाजपंचे रेखाटतात. दुर्बिणीतून जे आलंच नाही ते ती आणणार कुठून?

आणि ही न सावरता येणारी गोष्ट ठरते कधी, तर रात्रीच्या अगदी सुरुवातीला. ओझं वाहून झालेलं असतं, दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणारा माउंट ध्रुवाशी जुळवताना कंबर अवघडलेली असते, वायरी जागच्या जागी लागलेल्या असतात आणि वर आकाश असं काही मोकळं झालेलं असतं की एकेक मिनिट वाया जातंय असं वाटतं. 'लागला फोकस, चला' असं म्हणायची घाई नेमकी तेव्हा सगळ्यात जास्त असते. माझं मत विचाराल तर अंधारात दुर्बिणीला लावलेला कॅमेरा फोकस करण्यात हाताच्या कौशल्याचा भाग थोडा. स्वतःच्या डोळ्यावर किती विश्वास ठेवायचा, हा खरा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर आहे: शक्य तितका कमी.

आधी अडचण किती मापाची आहे ते बघू. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस इथे कामाचा नाही. लेन्सच्या जागी टी-रिंग आणि अडॅप्टर लावून आख्खी दुर्बीण बसवलेली असते. तिच्याशी बोलायला कॅमेऱ्याकडे विजेचे संपर्क नसतात आणि दुर्बिणीच्या आत त्याला फिरवता येईल अशी मोटर नसते. काही कॅमेरे तर लेन्सच नाही म्हणून शटर उघडायलाही तयार होत नाहीत, मेनूत जाऊन त्यांची समजूत घालावी लागते. साध्या लेन्सवर निदान अनंताची खूण तरी असते. तिच्यावरही भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, कारण तापमानाने भिंगं सरकणार हे धरून बनवणारे बऱ्याच लेन्सची कडी त्या खुणेच्या थोडी पुढे जाऊ देतात. दुर्बिणीच्या फोकसरवर तर तेवढीही खूण नाही. नॉब आहे, तो फिरवला की नळी आत-बाहेर होते, बस्स.

ती नळी कुठे थांबवायची? फोकस म्हणजे एक बिंदू नव्हे, त्या जागेला थोडी जाडी असते. हिरव्या प्रकाशासाठी तिचा हिशोब सोपा आहे: एफ-आकड्याचा (नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा व्यास) वर्ग करायचा आणि त्याला २.२ ने गुणायचं, उत्तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. एफ/१० च्या दुर्बिणीला २२० मायक्रॉन मिळतात. एफ/५ ला ५५. एफ/४ ला जेमतेम ३५. म्हणजे कमी वेळात जास्त प्रकाश गोळा करणारी फास्ट दुर्बीण घेतलीत की एक्स्पोजरमध्ये वाचवलेला वेळ फोकसमध्ये भरावा लागतो. समजा नॉबच्या एका पूर्ण फेऱ्यात नळी २० मिलिमीटर सरकते. मग ५५ मायक्रॉन म्हणजे साधारण १ अंशाचं वळण. हातमोजे घातलेल्या बोटांनी, अंधारात. १:१० चा बारीक नॉब असेल तर हेच वळण १० अंशांचं होतं आणि मग माणसाच्या आवाक्यात येतं. दुर्बिणीवर पहिला जास्तीचा खर्च कशावर करावा असं कुणी विचारलं, तर मी दर वेळी हा बारीक नॉबच सांगते. महागडा आयपीस नंतर घ्या.

आता डोळ्याकडे येऊ. एखादा ठळक तारा चौकटीत आणायचा, लाइव्ह व्ह्यू चालू करायचा, आयएसओ वाढवायचा आणि चित्र दहापट मोठं करायचं. सुरुवातीला दिसते ती एक राखाडी चकती. आरशाची न्यूटनी दुर्बीण असेल तर चकतीच्या मधोमध काळं भोक, ती दुय्यम आरशाची सावली. नॉब फिरवत गेलात की चकती आक्रसते, उजळत जाते, भोक मिटतं, कडा थरथरायला लागतात. इथपर्यंत कुणालाही जमतं आणि मजाही येते. मग तारा एका लहानशा, धगधगत्या ठिपक्यापर्यंत येतो आणि पंचाईत सुरू होते. आणखी थोडं फिरवलं: तसाच. आणखी थोडं: बहुतेक तसाच. परत मागे: मघाशी बरा होता का? नॉबला बोट लागलं की आख्खं चित्र हलतं, ते थांबेपर्यंत मघाचा ठिपका किती मोठा होता हे डोक्यातून गेलेलं असतं. शेवटी 'बरं दिसतंय' म्हणून सोडून द्यायचं.

असं का होतं याचं कारण आकड्यांत दिसतं. १ मीटर नाभीय अंतराची एफ/५ दुर्बीण घ्या. हवेच्या हलण्यामुळे ताऱ्याचा ठिपका चांगल्या रात्रीही दोन-तीन विकलांचा होतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). सेन्सरवर तो पसारा १० ते १५ मायक्रॉन भरतो. १२ धरू. आता फोकस २० मायक्रॉननी चुकलाय असं समजा. प्रकाशाचा शंकू एफ/५ चा असल्यामुळे या चुकीने ठिपक्यात ४ मायक्रॉनचा धूसरपणा येतो. पण तो १२ मध्ये सरळ मिळवायचा नाही. दोघांचे वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं १२.६ च्या आसपास. ५ टक्क्यांचा फरक. सतत उकळणाऱ्या ठिपक्यात ५ टक्के कुणाच्या बापाला दिसणार? हीच चूक १०० मायक्रॉनची झाली, म्हणजे एक दशांश मिलिमीटर, की धूसरपणा २० मायक्रॉन होतो आणि ठिपका जवळजवळ दुप्पट. व्यास दुप्पट म्हणजे तोच प्रकाश चौपट जागेवर सांडला. ताऱ्यांची तेजस्विता ज्या पायऱ्यांनी मोजतात त्या प्रतींच्या भाषेत दीड प्रत गेली. जे अंधुक तारे मिळवायला तुम्ही एवढ्या लांब अंधारात आलात, ते गेले.

थोडक्यात, फोकसच्या आसपासचा प्रदेश पसरट परातीच्या तळासारखा आहे. सगळ्यात खोल जागा कुठली, हे तळावर उभं राहून समजत नाही.

फक्त डोळ्याच्या भरवशावर राहायची वेळ आलीच, तर त्यातल्या त्यात एक युक्ती आहे. ठळक ताऱ्याकडे बघायचंच नाही. व्याध काय, अभिजित काय, स्क्रीनवर केव्हाही ढब्बूच दिसणार. त्याच्या आजूबाजूला बघायचं. फोकस जवळ आला की मघापर्यंत काळी असलेल्या जागेत एक-दोन अगदी बारीक कण उगवतात. नॉब केसभर पुढे गेला की पुन्हा विझतात. त्या कणांचा प्रकाश इतका थोडा असतो की तो जरा पसरला तरी स्क्रीनवरच्या दाणेदारपणात बुडून जातो. म्हणून 'किती लहान दिसतोय' असं विचारायच्या ऐवजी 'दिसतोय का नाही' असं विचारता येतं, आणि या दुसऱ्या प्रश्नाला डोळा बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर देतो.

प्रश्न बदलण्याची ही कल्पना जुनी आहे. सूर्यावरच्या डागांवरून गॅलिलिओशी वाद घालणारे क्रिस्टोफ शायनर यांनी १६१९ मध्ये डोळ्यावर लिहिताना एक साधा प्रयोग मांडला होता. एका पत्र्याला जवळजवळ दोन बारीक भोकं पाडायची आणि त्यातून बघायचं. वस्तू फोकसमध्ये असेल तर एक दिसते, नसेल तर दोन. दोन्ही भोकांतून आलेले किरण फक्त फोकसच्या जागीच एकमेकांवर पडतात, त्याच्या अलीकडे-पलीकडे वेगळे राहतात, एवढंच त्यामागचं तत्त्व. १९०० च्या सुमारास पॉट्सडॅमच्या वेधशाळेत योहानेस हार्टमान यांनी हीच कल्पना मोठ्या दुर्बिणीच्या भिंगांवर आणली आणि भोकं पाडलेल्या पडद्याने भिंगं तपासली. हौशी मंडळी अजूनही पुठ्ठ्याला दोन-तीन भोकं पाडून दुर्बिणीच्या तोंडावर लावतात आणि त्याला हार्टमान मास्क म्हणतात. ताऱ्याची दोन-तीन बिंबं दिसतात, ती एकावर एक आली की फोकस. पण जवळ येता येता ती कधी पूर्ण एक झाली हे पुन्हा डोळ्यालाच ठरवावं लागतं. एका मर्यादेपलीकडे तिथेही 'बरं दिसतंय' शिरतंच.

ही उरलेली फट बुजवली ती २००५ मध्ये, पावेल बाहतिनोव या रशियन हौशी खगोलछायाचित्रकाराने. त्याचा मास्क म्हणजे फटींची जाळी. अर्ध्या भागात एका दिशेच्या समांतर फटी, उरलेल्या अर्ध्याचे दोन भाग करून त्यांत एकमेकींच्या उलट दिशांना कललेल्या फटी. प्रत्येक जाळीतून प्रकाशाचं विवर्तन होतं, म्हणजे फटींतून जाताना तो पसरतो, आणि ताऱ्याला तिच्या फटींच्या काटकोनात एक तेजस्वी रेघ फुटते. तीन दिशांच्या फटी, तीन रेघा. कललेल्या दोन जाळ्यांच्या रेघांची फुली होते आणि तिसरी रेघ त्या फुलीतून जाते. तीनही जाळ्या दुर्बिणीच्या तोंडाच्या वेगवेगळ्या भागांवर असल्यामुळे फोकस हलला की त्यांच्या रेघा एकमेकींच्या तुलनेत सरकतात. मधली रेघ फुलीच्या एका बाजूला असेल तर नळी जास्त आत आहे, दुसऱ्या बाजूला असेल तर जास्त बाहेर. कुठली बाजू म्हणजे आत हे एकदा करून बघितलं की कळतं. रेघ बरोबर फुलीच्या केंद्रातून गेली की काम झालं.

या मास्कचं कौतुक सगळे त्याच्या सोपेपणासाठी करतात. मला त्यातली खरी हुशारी वेगळी वाटते. ठिपक्याचा आकार ही अशी राशी आहे जी फोकसपाशी किमान होते, आणि किमानापाशी कुठलीही गोष्ट हटवादीपणे सपाट असते. मधल्या रेघेचं सरकणं तसं नाही. ती ऋणाकडून शून्यातून धनाकडे जाते, आणि शून्यापाशीही तिचा वेग तेवढाच राहतो. किमान शोधायचं सोडून शून्य शोधायचं, हा बदल. त्यात भर म्हणजे कुठल्या बाजूला चुकलोय हेही कळतं. ठिपका बघताना ते कधीच कळत नाही, कारण आतला धूसर आणि बाहेरचा धूसर दिसायला सारखेच. खरं तर एवढी साधी गोष्ट २००५ पर्यंत कुणाला सुचली नव्हती याचंच नवल वाटतं. विवर्तन तर तेव्हा तीनशेहून जास्त वर्षांचं जुनं झालं होतं.

मास्क जाड पुठ्ठ्यात कापूनही होतो. तो निम्म्याहून जास्त प्रकाश अडवतो, म्हणून तारा ठळकच हवा: रोहिणी, स्वाती, ब्रह्महृदय, त्या वेळी बऱ्यापैकी वर असेल तो कुठलाही. हवा फार हलत असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये रेघा नाचतात. मग तीन-चार सेकंदांचे फोटो काढून ते मोठे करून बघावेत. तेवढ्या वेळात हवेचं नाचणं सरासरीत जातं आणि रेघा स्थिर उमटतात. मास्क लावूनही मन आपलं घोडं दामटायला बघतंच. रेघ 'जवळजवळ मध्ये' आली की हात थांबतो. अशा वेळी मुद्दाम दोन्ही बाजूंना थोडं थोडं चुकवून बघितलं, की मध्य कुठे आहे हे स्पष्ट होतं. मास्क काढायला विसरलेल्यांचे फोटो मात्र लगेच ओळखू येतात. चौकटीतल्या यच्चयावत ताऱ्यांना मिशा.

मग प्रश्न येतो, मास्कने दाखवलेला फोकस कुठल्या रंगाचा? दोन भिंगांच्या साध्या अपवर्तक दुर्बिणीत हा प्रश्न चांगलाच त्रास देतो. हिरवा-पिवळा एका जागी जुळतो, निळा-जांभळा थोडा पुढे. मास्कच्या रेघांकडे नीट बघितलं तर त्याच इंद्रधनुषी झालेल्या दिसतात. इथे डोळ्याचं आणि कॅमेऱ्याचं भांडण फार जुनं आहे. अभिजित तारा १८५० मध्ये हार्वर्डच्या दुर्बिणीतून पहिल्यांदा छायाचित्रात उमटला, पण त्या काळच्या दुर्बिणींची भिंगं डोळ्यासाठी घासलेली होती आणि छायाचित्राच्या काचा प्रामुख्याने निळ्या प्रकाशालाच दाद देत. डोळ्याला धारदार दिसणारा तारा काचेवर धूसर यायचा. लुईस रदरफर्ड यांनी १८६४ मध्ये यावर तोडगा काढला तो असा, की सुमारे २८ सेंटीमीटर व्यासाचं भिंगच त्यांनी छायाचित्राच्या निळ्या प्रकाशासाठी जुळवून घेतलं. त्या भिंगातून डोळ्याने काही धड दिसत नसे. डोळ्याचं ऐकायचंच नाही, असं ठरवणारा हा बहुधा पहिला मोठा खर्च असावा.

आज हाच घोळ फिल्टरच्या रूपाने येतो. सेन्सरसमोर काच आली की फोकस मागे सरकतो, काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. २ मिलिमीटर जाडीचा फिल्टर म्हणजे ०.६७ मिलिमीटर. एफ/५ च्या ५५ मायक्रॉनांच्या जागेच्या बारा पट! त्यामुळे फिल्टरशिवाय फोकस करून मग फिल्टर लावण्यात काही अर्थ नाही. ज्या फिल्टरमधून फोटो काढायचा, त्याच फिल्टरमधून फोकस.

बाकी यंत्राच्या खोड्या आहेत, त्या दुर्बिणीगणिक वेगळ्या. श्मिट-कॅसेग्रेन जातीच्या दुर्बिणीत नॉब नळी सरकवत नाही, आतला मुख्य आरसाच पुढे-मागे करतो. दिशा बदलली की आरसा जरा कलंडतो आणि तारा चौकटीत उडी मारतो. म्हणून शेवटचं वळण नेहमी आरसा गुरुत्वाविरुद्ध वर ढकलणाऱ्या दिशेनेच संपवायचं. न्यूटनी दुर्बिणीत बऱ्याचदा वेगळंच रडगाणं असतं. नळी पूर्ण आत घातली तरी फोकस आणखी आत, कारण ती दुर्बीण आयपीससाठी बनवलेली आणि डीएसएलआर कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र त्याच्या तोंडापासून साडेचार सेंटीमीटर आत. तिथे मग फोकस बाहेर ढकलणारं बार्लो भिंग लावा किंवा मुख्य आरसा पुढे घ्या.

फोकसरच्या जातींपैकी क्रेफर्ड मला आवडतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या क्रेफर्डच्या खगोल मंडळातल्या जॉन वॉल यांनी तो केला आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. दाते नाहीत, नुसत्या घर्षणावर नळी सरकते, त्यामुळे दिशा बदलताना मधली मोकळी हालचाल नसते. पण घर्षणच ते. जड कॅमेरा लावून दुर्बीण खमध्याकडे, म्हणजे थेट डोक्यावर, वळवली की नळी हळूहळू, न सांगता, खाली घसरू शकते. म्हणून खालचा स्क्रू आवळायचा. आणि आता नीट लक्ष द्या, कारण हे पुस्तकात सहसा नसतं: तो स्क्रू आवळताना नळी हलते. किंचितच, पण आपला हिशोबही किंचितचाच आहे. मास्क लावलेलाच ठेवून, स्क्रीनकडे बघत बघत स्क्रू आवळा. मधली रेघ सरकताना डोळ्यांनी दिसते. ती जेवढी सरकते तेवढी आधीच उलट बाजूला ठेवायची आणि मग आवळायचा. दोन-तीन वेळा केलं की हाताला अंदाज येतो. फोकस तपासायचा तो स्क्रू आवळण्याच्या आधी नाही, नंतर.

एवढं सगळं झालं की चहूकडे समाधान. आणि इथून तो फोकस बिघडायला लागतो.

कारण रात्र थंड होत जाते. अॅल्युमिनियम दर अंशाला, दर मीटरला सुमारे २३ मायक्रॉन आकसतं. १ मीटर लांबीची अॅल्युमिनियमची नळी १० अंश थंड झाली तर २३० मायक्रॉननी आखूड झाली, म्हणजे आपल्या ५५ मायक्रॉनांच्या चौपट. अडीच अंशांतच आख्खी जागा संपते, आणि आपण तिच्या मधोमध उभे असलो तर त्याच्या निम्म्यातच कड येते. लोखंडी नळी साधारण निम्मी आकसते. कार्बन फायबरची अगदी थोडी, आणि तिची किंमत जास्त का असते याचं एक कारण हे. आरशाची काच त्या मानाने कमी आकसते, त्यामुळे न्यूटनी दुर्बिणीत कॅमेरा आरशाच्या जवळ येतो आणि नळी थोडी बाहेर काढावी लागते. भिंगाच्या दुर्बिणीत कुठली दिशा हे भिंगावर अवलंबून. तिथे नियम सांगत बसण्यापेक्षा करून बघणं बरं.

वाईट भाग असा, की हे सावकाश होतं. एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत काहीच वेगळं दिसत नाही. रात्री दहाची फ्रेम आणि एकची फ्रेम शेजारी शेजारी ठेवली तरच कळतं की तारे सुजलेत. त्यात दव आणखी फसवतं. भिंगावर दवाचा पातळ थर बसला की ताऱ्यांभोवती मऊ वलय येतं आणि माणूस बिचारा नॉब फिरवत बसतो. फरक ओळखायची खूण आहे: फोकस गेलेला असेल तर ठळक-अंधुक सगळे तारे सारखेच जाड होतात, दव असेल तर ताऱ्याचा गाभा बारीकच राहतो, पण भोवती धुकं पसरतं आणि अंधुक तारे मरतात. पहिल्याला नॉब लागतो, दुसऱ्याला हीटर.

आपल्या नशिबी हे दु:ख जमिनीवर आहोत म्हणून आलं, असं वाटत असेल तर हबल अवकाश दुर्बिणीकडे बघा. ती १९९० पासून हवेच्या वर आहे, पण फोकस तिचाही हलतो. दर ९५ मिनिटांच्या आसपासच्या फेरीत ती उन्हातून सावलीत आणि परत उन्हात जाते, त्याबरोबर तिचा सांगाडा किंचित ताणतो-आकसतो आणि फोकस श्वास घेतल्यासारखा पुढे-मागे होतो. शिवाय तिच्या आरशांना धरून ठेवणारा ग्रॅफाइट-इपॉक्सीचा सांगाडा आतला ओलावा अवकाशात सोडत वर्षानुवर्षं आखडत राहिला, म्हणून अभियंत्यांना अधूनमधून दुय्यम आरसा मायक्रॉनांच्या हिशोबात सरकवावा लागला. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या १८ तुकड्यांच्या आरशाची जुळणी २०२२ मध्ये सुरू झाली ती सप्तर्षीतल्या एचडी ८४४०६ या ताऱ्यावर. सुरुवातीच्या चित्रात एका ताऱ्याचे अठरा ठिपके होते; हार्टमानच्या पुठ्ठ्यातून दिसतात तसेच, फक्त जरा महाग. आणि तोच तारा, दुर्बीण फोकसमध्ये आल्यावर, तिला अभ्यासायला फार प्रखर ठरणार होता. फोकसचा तारा वेगळा आणि फोटोचा तारा वेगळा, ही आपली तऱ्हा तिथेही चुकली नाही.

हौशी माणसाने किती वेळाने फोकस तपासावा याला माझा नियम घड्याळाचा नाही, थर्मामीटरचा आहे. संध्याकाळनंतरच्या दोन-तीन तासांत पारा भराभर उतरतो, तेव्हा वरचेवर. मध्यरात्रीनंतर तो बऱ्याचदा स्थिरावतो, तेव्हा कमी. दुर्बीण मध्यान्हरेषेपलीकडे, म्हणजे आकाशाच्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेपलीकडे, उलटवली की एकदा नक्की, कारण कॅमेऱ्याचं ओझं आता दुसऱ्या बाजूने लटकतं. ढग येऊन गेले की त्या फुकटच्या वेळात.

मोटर लावलेला फोकसर आणि संगणक असेल तर हे सगळं तो करतो, आणि कसं करतो हे बघण्यासारखं आहे. ताऱ्याचा निम्मा प्रकाश ज्या वर्तुळात मावतो त्याचा व्यास तो मोजतो. मग फोकस शोधायला फोकसजवळ घुटमळत नाही; उलट मुद्दाम दूर जातो. बाहेरच्या बाजूला बरंच चुकवून मोजतो, तिथून पावलापावलाने आत येतो, पार पलीकडे जातो. आलेखावर इंग्रजी व्ही अक्षर उमटतं, ज्याच्या दोन्ही भुजा अगदी सरळ असतात. सपाट तळाकडे ढुंकूनही न बघता तो दोन्ही भुजांच्या रेषा वाढवून त्या कुठे छेदतात ते काढतो. चांगला फोकस त्याला वाईट फोकसच्या मोजमापातून मिळतो. मला हे मास्कइतकंच देखणं वाटतं. तरीही, ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांनी आधी काही दिवस हाताने नॉब फिरवावा, या मताची मी आहे. यंत्राने दिलेला आकडा चुकीचा आहे असा संशय यायला आधी बरोबर कसं दिसतं हे माहीत असावं लागतं.

आणि मग एखाद्या रात्री मुद्दाम फोकस घालवावा. नेमक्या फोकसमध्ये ठळक तारा सेन्सरच्या तिन्ही रंगांना भरून टाकतो आणि पांढरा उमटतो; त्याचा खरा रंग तिथेच जळून जातो. तोच प्रकाश जास्त पिक्सेलांवर पसरला की रंग उरतो. परग्रह ताऱ्यासमोरून जाताना होणारी किंचित घट मोजणारेसुद्धा याच कारणासाठी दुर्बीण थोडी फोकसबाहेर ठेवतात. डेव्हिड मॅलिन यांनी मृग नक्षत्राचा असा एक प्रसिद्ध फोटो काढला होता. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर, शटर उघडं, तारे आपापली रेघ ओढताहेत आणि मधूनमधून फोकस एकेक पाऊल सरकवायचा. प्रत्येक रेघ बारीक सुरू होऊन पायरी-पायरीने रुंदावत जाते, आणि जशी रुंदावते तसा काक्षीचा नारिंगी आणि राजन्याचा निळा वर येतो. साध्या लेन्सवर हे कुणालाही जमतं, दुर्बीणही लागत नाही. फक्त हा खेळ रात्रीच्या शेवटी करावा, नाहीतर मास्क पुन्हा बाहेर काढणं आलं.